तिसरी रणघोष

आमच्या सोसायटीत कुणी पाहुणा आला की माझी ओळख ठरलेली: हे राऊतसाहेब, रणघोषवर होते. पाहुणा लगेच म्हणतो, टीव्हीवर दाखवली तीच ना? डोकं फिरतं. अहो, ती तिसरी! नौदलात जुनं जहाज भंगारात गेलं की त्याचं नाव नव्याला देतात. पहिली मी पाहिली नाही. मी दुसरीवर पेटी ऑफिसर होतो, बॉयलर रूमचा. पाचूबंदरचा इनास माझ्या हाताखाली लीडिंग मेकॅनिक.

गेल्या वर्षी इनासची बायको फिलोमिना सांडोरला माझ्याकडे आली. मुलगी सिल्विया नौदलात इंजिनीअर, सब लेफ्टनंट. तिची नेमणूक निघाली ती या तिसऱ्या रणघोषवर.

"भावोजी, त्या नावानं माझा नवरा खाल्ला. पोरीला नाय द्यायची मी. तुम्ही सांगा तिला."

मला पटलं. भीती घालायची तर पुरती घालावी, म्हणून मी पाचूबंदरला जाऊन सिल्वियाला आईदेखत सगळं सांगितलं.

दुपारची वेळ, समुद्र शांत. तेलाचा पाइप फुटला, तेल तापलेल्या बॉयलरवर उडालं. मी डेकवर होतो. स्पीकरवर आवाज आला, "फायर, फायर, फायर. फायर इन बॉयलर रूम." होज घेऊन हॅचवर पोचलो. खाली उतरायला एकच लोखंडी जिना. वर येणाऱ्या पोराला मी मनगट धरून ओढलं, तर कातडी माझ्या मुठीत राहिली. तो वाचला. खाली इनास, पंजाबचा सुखदेव आणि केरळचा बिजू राहिले. मी दोन पायऱ्या उतरलो आणि दुसरा भडका झाला. मी मागे फेकला गेलो, भुवया जळाल्या, एक कान कायमचा गेला. जिना तुटून आगीत पडला.

खालून फोनवर इनास बोलला, "व्हॉल्व्ह बंद. जिना नाही."

मग किंचाळ्या. बराच वेळ. आजही घरात कुकरची शिट्टी झाली की मी उठून बाहेर जातो.

तेल थांबलं म्हणून आग दारूगोळ्यापर्यंत गेली नाही, जहाज वाचलं. आत शिरलो तेव्हा इनासला मी गळ्यातल्या क्रुसावरून ओळखलं. तो हाडाला चिकटला होता.

फिलोमिना भिंतीला टेकून बसली. सिल्वियानं एवढंच विचारलं, जिना एकच होता का? मी हो म्हणालो. तरी दुसऱ्या आठवड्यात पोरगी गेलीच. मग फिलोमिना माझ्याशी बरेच दिवस बोलली नाही. तिचंही बरोबर होतं.

परवा गेलो तर ती बोंबील वाळत घालत होती. तेवढ्यात सिल्वियाचा फोन आला, तो तिनं स्पीकरवर लावला. पोरगी सांगत होती, इंजिन रूममधून वर यायला इथं दोन जिने आहेत, मी दोन्ही चढून बघितले, आई.

फोन ठेवून फिलोमिनानं मला विचारलं, "भावोजी, तेव्हा पन दोन असते तर?"

खोटं कशाला बोलू? इनास वर आला असता. सुखदेव आला असता. बिजू आला असता.