डावीकडे गडगा, उजवीकडे खाडी

ब्रेक लागेचना. पाय पार खाली दाबला, दोन्ही पायांनी दाबला, तरी गाडी उतारावर पळतेच आहे. बाजूच्या सीटवर सासूबाई, त्यांच्या मांडीवर माझं बाळ, तापाने फणफणलेलं. त्यालाच रत्नागिरीला डॉक्टरकडे नेत होतो.

"अगो हळू!"

"आई, लागत नाय!"

हँडब्रेक ओढला, तो नुसताच हातात वर आला.

जुनी गाडी आमची. नवरा बोटीवर. सगळा पावसाळा ती अंगणात ताडपत्रीखाली, त्यात खाडीची खारी हवा. ताडपत्री काढली तर चाकाच्या आत ब्रेकच्या त्या गोल थाळ्या असतात ना, डिस्क, त्या लाल गंजलेल्या. फोनवर नवरा म्हणाला, "वरचा गंज आहे, थोडी फिरवलीस की घासून जाईल." दोन दिवसांनी बाळाला ताप चढला, रिक्षा मिळेना, म्हणून हीच काढली. घरापासून सगळा चढ, ब्रेकचं काम पडलंच नाय. पडलं ते एकदम उतारावर.

खाली वळण. उजवीकडे कठडा नाय, सरळ खाडी. डावीकडे चिऱ्यांचा गडगा, दगडी कुंपणाची भिंत. मी डावीकडे घातली. काच फुटली. बाळ आधी रडलं, मग गप्प झालं. ते गप्प अजून माझ्या कानात आहे.

हॉस्पिटलात सासरे धावत आले. माझ्या नजरेला नजर देईनात. म्हणाले, "मी तर तेल लावलं होतं गो थाळ्यांना. कोयत्याला लावतो तसं. गंज वाढू नये म्हणून." दरवर्षी कोयते, कुदळी तेल लावून ठेवतात ते. ब्रेकला तेल चालत नाय हे त्यांना कोण सांगणार? आणि लावलं हे मला कोण सांगणार?

सासूबाईंचा हात मोडला. बाळाच्या डाव्या कानाला मार बसलाय, ऐकू येतं की नाय ते डॉक्टर अजून सांगत नायत. मी त्याच्यामागे ताट वाजवून बघते. कधी वळतो, कधी नाय.

सासूबाई प्लास्टरातला हात उचलून येईल त्याला ऐकवतात, "स्वतःची बाजू राखलीन हिने. ओहोटी होती. खाडीत नुसता चिखल, रुतली असती गाडी, कुणाला काय झालं नसतं!"

असेल ओहोटी. मला चिखल नाय दिसला हो, मला खाली पोकळ दिसलं. तुम्ही असतात तिथे, बाळ डावीकडे, खाडी उजवीकडे, पायाखाली ब्रेक नाय, तर तुम्ही कुठे वळवली असतीत?