भांडायला कोणी आहे का?

लोकहो, लंडनमध्ये ईलिंगला कोयता कुठे मिळेल, असं मी काल इथेच विचारलं होतं. मिळाला! फिलिपिनो दुकानात. ते त्याला इटाक म्हणतात.

सुपरमार्केटची सुरी नारळावर मोडली होती, म्हणून या वेळी नीट बघून घेतला. चकचकीत स्टीलचे बाजूला ठेवले. काळ्या पोलादाचा निवडला. पातं मुठीच्या शेवटपर्यंत गेलेलं, वजन टोकाकडे. पुसून तेल लावत राहिलं की वर्षानुवर्षं टिकेल.

"घरी किती माणसं?" दुकानातल्या मावशींनी विचारलं.

"दोन," मी ठोकून दिलं. मुक्ता गेल्याच महिन्यात माझ्याशी भांडून मेडनहेडला राहायला गेलीये. जिच्यामागे मी कॉलेज अर्धवट सोडून या देशात आलो, ती आता माझा फोनही उचलत नाही.

मी हात पुढे केला, तर मावशींनी कोयता काउंटरवर ठेवला. "उचल तू. हातात दिला की दोघांत भांडण होतं."

अगदी माझी आई! ती विळीसुद्धा अशीच खाली ठेवते. पण माझं डोकंच फिरलं.

"द्या हो हातातच!" मी ओरडलो. "भांडायला तरी कोणी मिळेल!"

मावशींनी कोयता जाड कागदात गुंडाळला आणि माझ्या हातात दिला.

"उद्या दुपारी ये भांडायला. तेव्हा गिऱ्हाईक नसतं."

उद्या मला सुट्टी आहे. कोयता घरीच ठेवणार, घाबरू नका. फक्त एवढं सांगा, दुकानात जाऊ की मेडनहेडला?