देवमन मास्तरांच्या घरातलं भूत

देवमन मास्तरांनी उभी हयात अकोल्याच्या आसपासची भुतं हाकलण्यात घालवली. अवसेला गाव गोळा करून मसणवटीत बसून बेसन-भाकर खाऊन दाखवली, उतारे पायानं उडवले. आणि अशा घरात जन्म घेऊन लेकीनं काय करावं? भुतांच्या कादंबऱ्या लिहाव्या! वा रे वा.

प्रियदर्शनी अमरावतीच्या एका कोचिंग क्लासात गणित शिकवते. दिवसभर पोरांच्या डोक्यात टक्केवारी कोंबायची आणि उरल्या वेळात भुतं पोसायची. तिचं भूतही मोठं गुणी. वऱ्हाडात कुणी घाबरेना, म्हणून ते आपण असल्याचा दाखला मागायला कचेरीत जातं, आणि साहेब जेवायला गेलेत म्हणून कादंबरीभर बाकावर बसून राहतं. लोक पोट धरून हसतात. विद्वानांनी त्यात खोल अर्थ शोधला. त्यांना दुसरं काम काय?

तिला हाव होती ती एकाच वाचकाची. बाबांनी वाचावं. आणि बाबा पुस्तकाला शिवत नव्हते.

"आमी भुतं काढली, अन तू त्याइले चहा पाजून वापस आनून राहिली," ते फोनवर म्हणायचे.

"बाबा, थट्टा हाय ते."

"थट्टेतूनच शिरते भूत!" की फोन बंद.

मग नव्या कादंबरीत तिनं चक्क बाबांनाच घातलं: छाती काढून मसणवटीत जेवणारे मास्तर, आणि त्यांना पाहून लटलट कापणारं भूत. लाचच म्हणा ना. पहिली प्रत अकोल्याला धाडली. उत्तर नाही.

प्रकाशनाला मात्र मास्तर आले. शेवटच्या रांगेत असे बसले, जणू सभा उधळायलाच आलेत. कुणाला काही विचारायचंय का, म्हटल्यावर तेच उठले.

"मसनवटीचं तू चुकीचं लिवलं," मास्तर म्हणाले. म्हणजे वाचलं होतं! "भूत कायचं भेते? नसलेलं भेते का कधी? मी भेलो होतो. भाकर घशाखाली उतरत नोती. पन सारं गाव पाहून राहिलं होतं, म्हनून गिळली. लिवायचं तं खरं लिव."

प्रियदर्शनी मंचावरून उतरली आणि बापाशेजारी जाऊन बसली. अध्यक्षांचं भाषण राहूनच गेलं. कुणाचं काही अडलं नाही.

"बाबा, अजून कशाले भेले तुमी?" तिनं हळूच विचारलं.

"तुह्या पुस्तकाइले," मास्तर म्हणाले.