लंकाबाईच्या घरातली सुपारी

लंकाबाई भांडण विसरत नाही, हे तळेघरात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. घोडेगावच्या गोरख एजंटाला ते ठाऊक नव्हतं, आणि तिथंच गडी फसला.

बाईचा जन्म डोंगरात गेला. भातखाचरात वाकून, हिरडा वेचून आणि आश्रमशाळेच्या चुलीपुढं शे-दीडशे पोरांच्या भाकरी थापून. नवरा भिमाजी म्हणजे गरीब गाय. कुणी त्याच्या पायावर पाय दिला तर हाच विचारणार, "लागलं का राव तुमाला?" पण लेक इंद्रायणीला दिवस गेल्याचं कळलं आणि लंकाबाईनं हट्टच धरला. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, आणि ह्या माहेरात तर अडीअडचणीला गाडी मिळत नाही. अडलेल्या जाऊबाईला झोळीत घालून दवाखान्यात नेताना वाटेत काय झालं, ते तिनं डोळ्यांनी बघितलं होतं. तेव्हा होतं नव्हतं ते गोळा करून दोघांनी घोडेगावात, दवाखान्यापासून हाकेच्या अंतरावर, दोन खोल्यांचं जुनं स्लॅबचं घर घेतलं.

मूळ मालक मुंबईला. व्यवहार सगळा गोरखच्या हातात. पांढराफेक शर्ट, कपाळाला अष्टगंध, जिभेवर साखर. स्लॅबला चिरा होत्या, मोरीचा पाइप फुटला होता, मागच्या भिंतीला ओल होती.

"मालकाकडून समदं दुरुस्त करून देतो, मावशी. पावसाच्या आत."

"आसं न्हाई," लंकाबाई म्हणाली. "बेलाचं पान उचला."

गोरखनं पान उचललं, भीमाशंकराच्या दिशेला तोंड करून शपथ घेतली. साठेखतात दुरुस्तीचं कलम घाला, असं लिहिणाऱ्यानं सुचवलं, तर लंकाबाईच त्याच्यावर खेकसली, "देवाचं पान उचलल्यावर कागुद कशाला?" डोंगरातलं माणूस बेलाची शपथ मोडत नाही. गोरख डोंगरातला नव्हता.

खरेदीखत झालं आणि त्याचा सूरच पालटला. आज गवंडी आजारी, उद्या मालक फोन उचलत नाही, आणि शेवटी शेवटी तर, "मावशी, जुनं घर हाय, हाय तसं घेतलंय तुमी." पाऊसकाळ लागला. घरात जागोजागी परात, पातेलं, बादली. सातव्या महिन्यात जुन्नरकडची विहीण इंद्रायणीला सोडायला आली. तिनं भिंतीवरची हिरवी बुरशी बघितली, कॉटवर टपकणारं पाणी बघितलं.

"विहीणबाई, राग मानू नका. पण बाळ-बाळंतीण ह्या ओलीत न्हाई ठेवायची."

इंद्रायणी मान खाली घालून परत गाडीत बसली. नातू झाला तो सासरी. त्याला पहिली अंघोळ घातली ती परक्या बाईनं, आणि लंकाबाईनं हौसेनं केलेले डिंकाचे लाडू डब्यातून गेले. आईच्या जिवाला हे कसं सोसावं?

ती त्याच आळीत राहणाऱ्या गोरखच्या दारात गेली. बायकोनं सांगितलं, "घरात न्हाईत." आत त्याचा फोन वाजत होता.

"जाऊ दे गं," भिमाजी म्हणाला. "देव बघून घेईल."

"देवाला लई कामं हायेत. मीच बघते."

पण तिनं शिव्या दिल्या नाहीत की शाप दिले नाहीत, आणि हेच वाईट लक्षण. रस्त्यात दिसला की म्हणायची, "बरंय का, गोरखभाऊ?" गोरखला वाटलं, म्हातारी निवली.

तुळशीचं लग्न झालं आणि गोरखच्या एकुलत्या लेकीला, संस्कृतीला, नारायणगावकडचं स्थळ सांगून आलं. तालेवार माणसं. गोरख हुरळून गेला. आता आपल्याकडची रीत अशी की सुपारी फोडण्याआधी मुलाकडचं कुणीतरी गुपचूप आळीत चौकशी करतं. मुलाची आत्या कुशाबाई त्यासाठीच आली आणि विचारत विचारत नेमकी लंकाबाईच्या दारात उभी राहिली.

लंकाबाईच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. ह्यानं माझ्या लेकीचं बाळंतपण खाल्लं, मी ह्याच्या लेकीचं लग्न खाते! दोन शब्द टाकले की काम तमाम.

"पोरगी कशी हाय?" कुशाबाईनं विचारलं.

ही पोर नळावर भेटली की न सांगता तिचा हंडा डोक्यावर चढवून द्यायची. लंकाबाईनं खरं तेच सांगितलं. "पोरगी सोनं हाय."

"आन बाप? शब्दाचा हाय का?"

लंकाबाईनं चहा टाकला आणि पाहुणीला मुद्दाम फुटक्या मोरीलगतच्या भिंतीला टेकून बसवलं. पदर ओला झाला, गिलाव्याचा पोपडा खांद्यावर पडला. कुशाबाई दचकून उठली.

"हे घर त्यानंच दिलंय. बेल उचलून दुरुस्ती कबूल केलीया. मी कशाला तोंड वाईट करू? त्याला म्हणावं, सुपारी लंकाबाईच्या घरात फोडायची. काय म्हणतोय बघा."

कुशाबाई मुरलेली बाई. गालात हसली आणि चहा पिऊन गेली.

मुलाकडचा निरोप पोचला तसा गोरख धावतच आला. "मावशी, हे काय लावलंय? मी कार्यालय घेतो की!"

"घ्या ना. मग कुशाबाई इचारतील, माझं घर का नको? तवा मी सांगीन."

गोरखचं तोंड पडलं. "भिंतीला रंग मारून देतो."

"रंग तुमच्या तोंडाला मारा!"

दुसऱ्या दिवशी गवंडी हजर. गिलावा खरवडला, पाइप बदलला, स्लॅबवर नवा कोबा पडला. बिगारी कमी पडला तेव्हा लंकाबाईनं गोरखच्याच डोक्यावर घमेलं दिलं. अख्खी आळी ओट्यावर येऊन बघत होती. "सावकाश, गोरखभाऊ, शर्ट मळंल!" ती मुद्दाम मोठ्यानं म्हणायची. कोबा वाळल्यावर तिनं स्लॅबवर मातीचे बांध घालून पाणी साठवलं आणि खाली कॉटवर गोरखला बसवलं. इंद्रायणी जिथं निजणार होती, तिथंच.

"बसा. थेंब पडतोय का बघा."

दिवसभर मान वर करून बसला बिचारा. बिचारा कसला! भिमाजीला दया आली, त्यानं चहा आणला. तो लंकाबाईनं वाटेतच घेतला आणि स्वतः पिऊन टाकला.

सुपारी त्या घरात फुटली. कुंकू लागलं, पेढे वाटले. संस्कृती पाया पडली, तिला लंकाबाईनं पोटच्या पोरीसारखं जवळ घेतलं. मंडळी पांगली तरी गोरख मागं रेंगाळला.

"झालं ना मावशी मनासारखं?" त्यानं हात जोडले. "फिटलं ना आता?"

"घराचं फिटलं," लंकाबाई म्हणाली. "तुमची संस्कृती पहिलटकरीण हून दारात येईल ना, तवा तिला माघारी लावून द्या. मग बाकीचं फिटलं."

लंकाबाईनं त्याच्या चपला पायानंच दाराबाहेर सारल्या.