माहेरचा रकाना

"माहेरी काय म्हणतात गो तुला?"

हा प्रश्न बाई रक्तदाब मोजताना विचारायच्या. दंडाला पट्टा गुंडाळायचा, रबरी फुगा दाबत हवा भरायची आणि पट्टा पुरता आवळला की विचारायचं. समोरची पोर आधी गोंधळायची. मग कोणी लाजून "बेबी" म्हणायची, कोणी "लग्नाआधी सुनीता होते" म्हणायची. बाई मग सावकाश हवा सोडायच्या. माहेरचं नाव घेतलं की दहा पॉइंट उतरतात, असं त्यांचं ठाम मत होतं. डॉक्टर हसायचे, आणि मीही हसलो होतो.

रत्नागिरीतल्या एका धर्मादाय इस्पितळात बाई परिचारिका होत्या. इस्पितळाची गाडी जिल्हाभर शिबिरं घ्यायची, गरोदर बायकांची नावं नोंदवायची. त्या नोंदी वहीतून संगणकावर आणायचं काम माझ्याकडे आलं. मी म्हणजे बाजारात एका औषधाच्या दुकानाच्या माडीवर दोन खोल्या, दोन संगणक आणि स्वतःबद्दल बरंच चांगलं मत.

फॉर्म मी झोकात केला होता. एकेक रकाना भरायचा, बटण दाबायचं, नोंद डेटाबेसमध्ये. जुन्या कागदांचे फोटो काढायचे, ते क्लाउडमध्ये, म्हणजे कुठल्यातरी दूरच्या कंपनीच्या कपाटात. पहिल्या दिवशी सगळ्यांना दाखवला. सगळे वा वा म्हणाले. बाईंनी चष्मा कपाळावर चढवला आणि पडदा वरपासून खालपर्यंत वाचला.

"माहेर कुठाय?"

"त्याची गरज नाही, बाई."

"कोणाला?"

ते सोडून मी त्यांना डेटाबेस समजावून सांगायला लागलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि मग मला आमचा जिल्हा समजावून सांगितला. लग्नात निम्म्या मुलींचं नाव बदलतात आणि पहिलं बाळंतपण माहेरी होतं. शिबिरात नोंदवताना ती अन्विता असते, कळा आल्यावर उचलून आणतात ती बेबी असते. आणणाऱ्यांना अन्विता कोण ते धड आठवत नाही.

"तुझ्या यंत्राला कळणार कसं, की ही तीच?"

"आधार नंबर आहे ना."

"कळा येताना आधार कार्ड घेऊन कोण येतं रे मेल्या? तुझी आई आलेली काय?"

सगळे हसले, आणि त्याचा मला राग आला. तो राग मी असा काढला: रकाना दिला, पण फॉर्मच्या अगदी तळाशी. नाव 'माहेर', लिहा काय हवं ते. वडीलधाऱ्यांच्या समाधानासाठी घरात काही गोष्टी करून ठेवतात, तसा. शोधाला तो जोडलाच नाही, म्हणजे त्यात लिहिलेलं काही टाकून शोधलं तर काही सापडणार नव्हतं. जोडायला अर्ध्या तासाचं काम होतं. मी केलं नाही आणि केलं नाही हे त्यांना सांगितलंही नाही.

दुसरं भांडण फोटोंवरून झालं. क्लाउडमधली जागा भरत चालली, म्हणून फोटो चढवतानाच लहान होतील अशी सोय मी केली. चौथ्या दिवशी बाई माडीवर आल्या. त्यांना काही सांगायचं असलं की त्या फोन करत नसत, चालत येत आणि जिन्यातूनच बोलायला सुरुवात करत.

"फोटो दिसत नाहीत."

"दिसतायत की," मी उघडून दाखवला.

"दिसतायत. वाचता येत नाहीत. कागद काय मी बघायला ठेवते?"

"बाई, जागेत बसवायला लागतं."

"डब्यात बसत नाही म्हणून माणसाचा पाय कापशील उद्या."

त्या जिना उतरून गेल्या. मी काही बदललं नाही. मला वाटलं, विसरतील.

बाई एका बोटाने टाइप करायच्या. इतर सिस्टरांचे तीन फॉर्म होईपर्यंत ह्यांचा एक व्हायचा. "तळाच्या रकान्यात त्या कादंबरी लिहितात," असं त्या पोरी मला हसून सांगायच्या. दोन वर्षं बाई तो रकाना न चुकता भरत होत्या. मी तो एकदाही उघडून वाचला नव्हता.

त्या दिवशी सकाळी अकराला फोन वाजला. पडद्यावर बाईंचं नाव बघून मी हातातलं काम सोडलं, कारण त्या फोन करत नसत.

"अरे, आज पहिल्यांदा माहेर टाकून शोधत्येय. काहीच येत नाही. तो रकाना शोधाला जोडलायस ना?"

मी उगाच फॉर्म उघडून तळाच्या रकान्यापर्यंत गेलो.

"अरे?"

"नाही, बाई."

त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या सरळ सांगायला लागल्या, एका सुरात, भराभर. राजापूरच्या आतल्या वाडीतून एका पोरीला टेम्पोत घालून आणलंय. आठवा महिना, रक्त थांबत नाही, शुद्ध जेमतेम. आत्ताच्या आत्ता ऑपरेशन. बरोबर म्हातारी चुलती आहे. चुलती सांगतेय की लग्नाआधी हिचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं, तेव्हा भुलीच्या एका औषधाने हिचा श्वास थांबला होता. हे औषध पुन्हा देऊ नका, असं डॉक्टरांनी कार्डावर लिहून दिलंय. कुठलं औषध, ते म्हातारीला ठाऊक नाही. कार्ड सासरी, मंडणगडला, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. नवरा मुंबईत. त्याचा नंबर पोरीच्या फोनात, आणि फोन घाईत घरी राहिला.

"पण मंडणगडच्या शिबिरात त्या कार्डाचा फोटो काढलाय, असं पोरीने चुलतीला सांगितलं होतं. म्हणजे आपल्याकडे आहे."

"सासरचं आडनाव?"

"वाडीत सगळ्यांचं तेच. त्रेचाळीस जणी येतायत. एकेक उघडायला इथे नेट रांगतंय."

मागून म्हातारीचा आवाज आला, "लग्नात नाव बदललानी ओ. काय ठेवलानी ते माज्या ध्यानात नाय. आमची सुलीच ती."

"भुलीचे डॉक्टर पाच मिनिटं थांबतो म्हणालेत," बाई म्हणाल्या. "त्यातलं एक गेलं."

मी फोन टेबलावर ठेवला, आवाज मोठा केला आणि फॉर्म सोडून थेट डेटाबेसमध्ये शिरलो. एका ओळीचा हुकूम लिहायचा होता, माहेर ह्या रकान्यात 'सुली' कुठे आहे ते सांग. ती ओळ मी रोज झोपेत लिहीन. तेव्हा दोनदा चुकली. खाली दुकानात कोणीतरी खोकल्याचं औषध मागत होतं आणि त्याला साखर नसलेलंच हवं होतं.

तीन नोंदी आल्या. दोन रत्नागिरीतल्याच. तिसरी मंडणगड शिबिराची. नाव समृद्धी. माहेर, 'सुली. राजापूरच्या आत, चु...' पुढे तीन टिंबं.

"सापडली. समृद्धी नाव आहे."

"कार्ड उघड."

फोटो उघडला. कार्ड होतं. खाली लाल शाईने डॉक्टरांची ओळ होती, दोनदा अधोरेखित. औषधाचं नाव इंग्रजीत. पहिलं अक्षर कळलं आणि पुढे नुसतं पुसट. मी मोठं करून बघितलं तर अक्षरांच्या जागी चौकोन. मूळ फोटो कुठेच नव्हता. जागा वाचावी म्हणून मीच तो ठेवला नव्हता.

"बाई, वाचता येत नाहीये."

पलीकडे ढकलगाडीची चाकं वाजली. कोणीतरी "सिस्टर" म्हणून हाक मारली. माझ्या चुकीने एक पोर मरणार आहे, हे तेव्हा मला जितकं स्वच्छ दिसलं तितकं आयुष्यात दुसरं काही दिसलेलं नाही.

"कार्ड सोड," बाई म्हणाल्या. "माहेर पुरतं वाच. फोटो पुसट आला की मी तिथे लिहून ठेवते."

टिंबांवर क्लिक केलं. मजकूर उघडला. लांब मजकूर माझ्या पडद्यावर कापलेला दिसायचा, म्हणून उघडेपर्यंत काही कळत नव्हतं.

'सुली. राजापूरच्या आत, चुलतीने वाढवली. पोटुशी असून आंब्याच्या कलमांवर चढते, रागावले. कार्डाचा फोटो नीट येत नाही म्हणून लिहिते. भुलीचं हे औषध हिला देऊ नये.' आणि पुढे ते नाव, आधी मराठीत, मग इंग्रजीत, एकेक अक्षर सुटं करून. एका बोटाने.

मी एकेक अक्षर वाचलं. बाईंनी एकेक अक्षर तिकडे मोठ्याने सांगितलं. एक पुरुषी आवाज "कळलं" म्हणाला आणि फोन बंद झाला.

पुढचा सव्वा तास मी काय केलं, ते मला सांगता येणार नाही. बहुतेक काहीच केलं नाही. फोन उलटा ठेवला, सुलटा केला. परत फोन करायची छाती झाली नाही. सव्वा तासाने तो वाजला.

"मुलगी झाली. मायलेकी दोघी आहेत." आणि लगेच, "उद्या ये. रकाना वर घे."

मी उद्याची वाट बघितली नाही. त्याच दुपारी रकाना नावाच्या खाली आणला, शोधाला जोडला, मूळ फोटो ठेवायला लागलो. दुसऱ्या दिवशी इस्पितळात गेलो तेव्हा म्हातारी चुलती खाटेपाशी बसली होती. तिने मला निरखून बघितलं.

"तुमीच काय ओ आमच्या सुलीला शोदून काढलाव?"

"हाच तो," बाई म्हणाल्या. "इतके दिवस लपवून ठेवलेली पण ह्यानेच."

मी मान खाली घातली. बाईंनी पाठीवर एक धपाटा घातला आणि मला चहाला पाठवलं. ह्या विषयावर त्या नंतर कधीही बोलल्या नाहीत.

मी मात्र त्या संध्याकाळपासून तो रकाना वाचायला लागलो. 'आवडी. आई नाही, मावशीला फोन करणे.' 'छबी. रडते, पण विचारलं तर सांगत नाही. पुढच्या वेळी नवऱ्याला बाहेर बसवणे.' शेकड्यांनी नोंदी होत्या. मी ज्याला यंत्र म्हणत होतो त्याच्या तळाशी बाईंनी माणसं जपून ठेवली होती. मला लाज वाटली, आणि खोटं कशाला सांगू, थोडा अभिमानही वाटला, की ती राहतात ते घर तर माझंच आहे.

एकदा धीर करून विचारलं, "बाई, तुम्हाला माहेरी काय म्हणायचे?" माहेर मालगुंडकडचं, एवढंच मला ऐकून माहीत होतं.

"हाक मारणारं कोण उरलंय आता? काम कर," म्हणाल्या.

त्या निवृत्त झाल्या. जाताना त्यांनी नव्या सिस्टरांना बजावलं आणि मी माझ्या परीने तो रकाना सक्तीचा केला. लाल तारा लावला, भरल्याशिवाय फॉर्म पुढेच जाणार नाही. महिन्याभराने बघितलं तर माहेरच्या रकान्यात टिंबं होती. एका नोंदीत एक टिंब, दुसऱ्या नोंदीत एक टिंब. सक्ती करता येते ती भरण्याची, विचारण्याची नाही, हे कोणत्याही पुस्तकात मला सापडलं नव्हतं.

मागच्या वर्षी इस्पितळात कामाला गेलो होतो. त्या दिवसाच्या यादीत बाईंचं नाव दिसलं. रुग्ण म्हणून. वय, गाव, आधार, मोबाइल, सगळं बिनचूक भरलेलं. माहेरच्या रकान्यात टिंब.

मी वर वॉर्डात गेलो. खूप बारीक झाल्या होत्या. शेजारी रक्तदाबाचं नवं यंत्र होतं, आपोआप हवा भरणारं. सिस्टरने पट्टा गुंडाळला, बटण दाबलं आणि ती दुसऱ्या खाटेकडे गेली. पट्टा फुगत गेला. तो पुरता आवळेपर्यंत मी थांबलो.

"माहेरी काय म्हणतात तुम्हाला?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं. हसल्या. मग डोळे मिटून हळूच नाव सांगितलं.

"कोणाला सांगू नको हां," म्हणाल्या. "आणि बघ त्या यंत्रावर. उतरला असेल."

खाली येऊन मी ते टिंब पुसलं आणि नाव भरलं. त्यानंतर बाई आठ दिवस होत्या.

नाव तुम्हालाही सांगणार नाही. पण इस्पितळात काम निघालं की मी ते एकदा शोधात टाकतो. इतक्या हजार बायकांत त्या नावाची एकच नोंद येते.