बातम्यांचं सुतक

नंदनवन वस्तीतल्या आमच्या घराच्या खालच्या मजल्यावर मी अभ्यासिका चालवते. पोरंपोरी येतात, खुर्ची धरतात, वर्ष-दोन वर्षं झिजतात आणि मग कुठेतरी नोकरीला लागतात किंवा मुकाट घरी जातात. मधुसूदन मात्र लागलाही नाही आणि गेलाही नाही. काटोलकडच्या खेड्यातून तो पहिल्यांदा आला तेव्हा माझ्याकडे प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या आणि त्याच्या डोक्यावर दाट केस होते. आता खुर्च्या गादीच्या झाल्यात. केसांबद्दल न बोललेलं बरं.

राज्यसेवेची पूर्व परीक्षा तो दोनदा पास झाला आणि दोन्ही वेळा मुख्य परीक्षेत आपटला. बाकी सगळ्या खेपा पूर्वमध्येच गेल्या. गणित त्याच्या डोक्यावरून जायचं. चालू घडामोडी हा विषय मात्र त्याच्या हातचा मळ. कुठल्या देशात कोण निवडून आलं, कोणत्या समितीवर कोण बसलं, कोणता करार कुठे झाला, झोपेतून उठवून विचारा, सांगेल. दुपारी चहाच्या टपरीवर त्याच्या अर्ध्या वयाची पोरं त्याला गराडा घालायची. भाऊ, भाऊ करत सगळं काढून घ्यायची, त्याच जोरावर पास व्हायची आणि पहिला पेढा त्यालाच आणून द्यायची. तो हसून खायचा. मला ते हसणं बघवायचं नाही. मी त्याला कितीदा झापलं, की अरे, स्वतःचं गणित कर, लोकांना काय शिकवत बसलास. ऐकेल तर शपथ.

त्याचा एक नियम होता. परीक्षेला महिना उरला की बातम्या बंद. त्याचं म्हणणं असं, की प्रश्नपत्रिका तोवर छापून कुलपात गेलेली असते. त्यानंतर जगात काय उलथापालथ झाली ते तिला ठाऊक नसतं. मग आपण नवीन वाचलं की डोक्यातलं जुनं पुसलं जातं आणि आपण फसतो. परीक्षेत खरं लिहायचं नसतं, छापलं त्या दिवशी जे बरोबर होतं ते लिहायचं असतं. पोरांनी त्या महिन्याचं नाव ठेवलं होतं सुतक. सुतक लागलं की अभ्यासिकेत वर्तमानपत्र यायचं नाही आणि कुणी मोबाइलवर बातम्या उघडल्या तर बाकीचे त्याला अंगणात हाकलायचे.

यंदाची खेप त्याची शेवटची होती. वयाची अट पुढच्या वर्षी त्याला अर्जच भरू देणार नव्हती. लग्न राहून गेलं होतं, दहावीच्या शिकवण्यांवर खोलीचं भाडं निघत होतं आणि गावी वडील, शालिकरामजी, मधू साहेब होणार हे लोकांना सांगून सांगून आता विषयच काढेनासे झाले होते. उन्हाळा लागला तसा तो खंगत गेला. डबा अर्धा परत जायचा. कूलरसमोर बसूनही मान घामाने भिजलेली असायची. एकदा मी जवळ बसवून विचारलं, की एवढा जीव काय जाळतोस, परीक्षाच आहे ना.

“जयाताई, यावेळी नाही झालं तं मी कोण आहो म्हणून सांगू?” तो म्हणाला. “आजवर सांगता येत होतं, तयारी करून राहिलो. उद्या ते बी नाही सांगता येणार.”

मी त्याला ताक दिलं आणि उठले.

परीक्षेच्या सकाळी मीच त्याला आणि पिंकीला ऑटोने केंद्रावर सोडलं. पिंकी कन्हानची, तिची ही दुसरीच खेप. मधुसूदनने तिला पोटच्या पोरीसारखं शिकवलं होतं. फाटकाशी गर्दी होती आणि गर्दीत एकच चर्चा. एका मोठ्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या अध्यक्षाने रातोरात राजीनामा दिला होता आणि उपाध्यक्षच त्याच्या खुर्चीवर बसला होता. अध्यक्ष कोण, हा प्रश्न येणार अशी पैज सगळे महिनाभर मारत होते. पिंकीचा चेहरा पांढराफटक पडला.

“भाऊ, आता कोणाचं नाव लावू?”

“जुन्याचं,” मधुसूदन शांतपणे म्हणाला. “प्रश्नपत्रिकेले आजचं काही माहीत नाही. सुतकातली बातमी हाये, विसरून जाय.”

तिने मान हलवली आणि दोघं आत गेले. त्याला इतका ठाम मी कित्येक दिवसांत पाहिला नव्हता. मला वाटलं, यंदा हा पास होतो.

पेपर सुटल्यावर तो बाहेर आला आणि सरळ आपल्या खोलीवर गेला. पुढे उत्तरतालिका लागली, तेव्हा एका उत्तरावर त्याने हरकत पाठवली. कोणत्या, ते मला सांगितलं नाही. हरकत मान्य झाली नाही. निकाल लागला आणि पिंकीचं नाव यादीत आलं. मधुसूदनचं राहिलं, आणि राहिलं ते एका प्रश्नाने. एक उत्तर बरोबर असतं तर तो आत होता. मी देवघरासमोर बसून देवाला नको नको ते बोलले.

संध्याकाळी पिंकी पेढे घेऊन आली. अभ्यासिकेत तो आपल्या खुर्चीवर बसला होता, समोर काहीच उघडलेलं नव्हतं. तिने खोका टेबलावर ठेवला, पण उघडायचा धीर तिला होईना.

“भाऊ, कोणता चुकला?”

त्याने खोक्याकडे पाहिलं. मग म्हणाला, “अध्यक्षाचा.”

“पण तुम्हीच तं सांगितलं होतं, जुन्याचं लावजो म्हणून. मी तेच लावलं. तुम्ही काहून नाही लावलं?”

“तुले सांगताना मी भेलो नव्हतो, पिंकी. परीक्षा तुही होती, माही नव्हती.” त्याने खोका जवळ ओढला. “आत बसलो आन पर्यायात दोन्ही नावं समोर आली. नियम पाठ होता मले. पण मनात आलं, आजवर त्याच नियमानं चाललो आन इथंच राहिलो. नव्याच्या नावाचा गोल काळा करून बसलो. मंग पुसता येते काय?”

पिंकी रडायला लागली. मला त्याचा संताप आला, इतका की त्याला गदागदा हलवून विचारावं, जगाला शिकवलंस ते स्वतःला का नाही शिकवलंस. पण रडू मलाही आवरेना. त्यानेच खोका उघडला, एक पेढा तिला भरवला, एक मला दिला. मुख्य परीक्षेला काय काय वाचायचं ते तिला सांगू लागला आणि मध्येच थांबला.

“जयाताई,” तो माझ्याकडे बघून म्हणाला, “उद्या सकाळी उठून मी काय वाचू?”