डिकीतला तांदूळ

नवरा गेल्यावर मी त्याची गाडी ठेवली तेव्हा इथल्या, अमेरिकेतल्या ईडन प्रेरी गावातल्या मराठी बायका म्हणाल्या, काकूंनी आठवण जपली. आठवण-बिठवण काही नाही. मला गाडी हवी होती. घरातली दुसरी, शहाणी गाडी मुलाने नातवाला कॉलेजला देऊन टाकली होती, मला न विचारता. उरली ही. दोन सीटची, जुनी, लाल, हाताने गिअर टाकायची. नवऱ्याने रिटायर झाल्यावर सेकंडहँड घेतली आणि फक्त उन्हाळ्यात चालवली. थंडीत तिच्यावर गोधडीसारखं कव्हर घालायचा. मला कधी हात लावू दिला नाही. म्हणायचा, तुला नाही जमायची. तो गेल्यावर मी एका बंद पडलेल्या दुकानाच्या रिकाम्या पार्किंगमध्ये महिनाभर गिअर घासले आणि जमवली.

मी एकटी राहते. इथे गाडी नसली की माणूस पार्सल होतं. कुणीतरी उचलायचं, कुणीतरी सोडायचं. "काकू, राइड हवी का?" विचारणारे चांगलेच असतात, पण निघायचं त्यांच्या वेळेला आणि परतायचंही त्यांच्याच. मला ते नको होतं.

हिवाळा आला तसा मुलगा आला. तो इंजिनिअर आहे, दहा मिनिटांवर राहतो. म्हणाला, "आई, ही रिअर व्हील ड्राइव्ह आहे. इंजिन पुढे, जोर मागच्या चाकांना आणि मागे वजनच नाही. बर्फावर हिची शेपटी पुढे येते. आपण विकून टाकू."

"बर्फाचे टायर मिळतात ना?"

"मिळतात, पण..."

"मग घाल."

शेवटी घातले, चारही. त्यांचं रबर थंडीत दगडासारखं कडक होत नाही, रस्ता धरतं. वर मुलाने अट घातली: एकदा जरी बर्फात अडकलीस तरी किल्ली माझ्याकडे. मी काही बोलले नाही. बाई गप्प बसली की तिचं हो धरायची आमच्या घरात पद्धत आहे. त्यानेही धरलं.

टायरवाल्याने सांगितलं होतं की डिकीत वाळूच्या पिशव्या ठेवा, मागची चाकं दाबून राहतात. वाळू विकत आणून गाडीत फिरवायची हे माझ्या डोक्यात बसेना. मी तांदळाची चार पोती घेतली आणि डिकीत ठेवली. वजनाचं काम झालं, शिवाय थंडीत तांदळाला कीड लागत नाही. गाडी सरळ चालायला लागली. दुसऱ्या गिअरवर हळू उचलायची, वळणावर पाय हलका ठेवायचा. डिसेंबरभर मी कुठे कुठे गेले. वाण्याकडे, देवळात, लायब्ररीत मराठी पुस्तकं आहेत तिथे. कुणाला फोन करावा लागला नाही.

संक्रांतीचं हळदीकुंकू एका पुण्याच्या मुलीकडे होतं. हल्ली मलाही बोलावतात, कुंकूही लावतात. नाही लावलं तरी मी जाते, जेवण चांगलं असतं. मसालेभात माझ्याकडे होता. सकाळी डिकीतून पोतं आणलं, भात केला, पातेलं शेजारच्या सीटवर ठेवून त्याला पट्टा लावला आणि निघाले.

त्या मुलीच्या गल्लीत वळताना शेपटी आली. कळायच्या आत गाडी अर्धी गोल फिरली, तोंड आल्या रस्त्याकडे आणि मागची चाकं बर्फाच्या ढिगात. मी बसल्या बसल्या विचार केला आणि समजलं. महिनाभर मी डिकीतूनच तांदूळ काढून खात होते, देवळातल्या प्रसादालाही देत होते. सकाळी काढलं ते शेवटचं पोतं. तांदूळ गाडीतच होता, फक्त शिजून पुढच्या सीटवर बसला होता.

बायका धावत आल्या. अंगावर पैठण्या, वर जाड जॅकेटं, पायात बर्फाचे बूट.

"अहो काकू, लागलं का?"

"मला काय होतंय? भात बघ आधी."

"यार काकू, मला एक फोन करायचात ना!"

"फोन केला असता तर तू अजून साडीच नेसत असतीस. आता ढकला."

ढकलून गाडी हलेना, मागची चाकं नुसती गरगर फिरत होती. मी डिकी उघडली आणि सगळ्यांत दणकट दोघींना म्हटलं, "बसा आत."

"इथे? पैठणी घालून?"

"पैठणीला काय होतंय? पाय बाहेर सोडा."

बसल्या. मी दुसऱ्या गिअरवर हळूच क्लच सोडला आणि गाडी निघाली, मागे दोघी किंचाळताहेत. एकीने त्याचा व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकला. त्या ग्रुपवर माझी सूनही आहे.

मी जेवत होते तेव्हा मुलगा आला. बायकांच्या घोळक्यात बूट घालूनच उभा राहिला, खाली पाण्याचं तळं.

"आई, किल्ली दे."

"तिळगूळ घे आधी."

"आई, दिस इज नॉट फनी. आपलं ठरलं होतं."

"तुझं ठरलं होतं. मी हो म्हटलेलं आठवतंय तुला?"

बायका ताटात बघायला लागल्या. मग तो हळू आवाजात म्हणाला, "काही झालं असतं म्हणजे?"

"म्हणजे झालं असतं. थंडीचे पाच महिने मी खिडकीशी बसून राहिले की काहीच होत नाही, ते तुला चालतं. मला चालत नाही. किल्ली मिळणार नाही."

तो माझ्या पर्सकडे बघायला लागला. मला वाटलं तिच्यातून किल्ली ओढून घेतो की काय. घेतली असती तर मी सगळ्यांसमोर ओरडले असते, आणि ते त्याला माहीत होतं. शेवटी म्हणाला, "निदान आज माझ्याकडे ये. मी पुढे जातो, तू माझ्या चाकोरीतून ये."

निघाले. डिकीत यजमानिणीने मिठाच्या दोन गोण्या टाकून दिल्या होत्या, बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकतात त्या मिठाच्या. मुलगा पुढे, मी मागे. इतका हळू चालवत होता की मला तिसरा गिअर टाकता येईना. त्याच्या घराचा सिग्नल आला. त्याने डावीकडचा दिवा लावला, आरशात माझ्याकडे बघितलेलंही मला दिसलं. तो वळला. माझं घर समोरच्या रस्त्याला आहे. मी दिवा लावला नाही, सरळ गेले.